उजव्या हाताची जागा

कोर्टवर ती नेहमी माझ्या उजव्या हाताला असायची. ती डावखुरी आणि मी उजव्या हाताने खेळणारी, त्यामुळे शेजारीशेजारी उभ्या राहिलो की दोघींच्या रॅकेटी आतल्या बाजूला यायच्या. मग मधोमध आलेलं फूल कुणी घ्यायचं याचा घोळ व्हायचा. शटलला आम्ही फूल म्हणायचो. सुरुवातीला आमच्या रॅकेटी एकमेकींवर आपटायच्या. एकदा तिच्या रॅकेटची लाकडी कड माझ्या भुवईवर बसली आणि टाके घालावे लागले. तेव्हा आमच्या मास्तरांनी कायमचा निकाल देऊन टाकला. मधलं फूल तिचं. तिने "नादी!" म्हणून ओरडायचं आणि मी डावीकडे सरायचं.

नादी म्हणजे तेलुगूत 'माझं'. तिचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, विणकरांचं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि ओरडायची वेळ आली की तेलुगूच. आमचं घर मूळचं मोहोळकडचं. माझे वडील, आबा, गिरणीत फिटर म्हणून लागले आणि आम्ही गिरणीच्या चाळीत आलो. तिची ती आरोळी आबांच्याही कानावर गेली होती. मी रॅकेट घेऊन निघाले की ते म्हणायचे, "चालली बगा, नादी लागल्याली." आणि आपल्याच विनोदावर हसायचे.

आम्ही एकाच शाळेत होतो, पण ती खेळ शिकली होती गल्लीतच. त्यांच्या पेठेत लोकरीच्या पिवळ्या चेंडूने बॉल बॅडमिंटन खेळायचे, उघड्या मैदानावर, पाच-पाच जणांचे संघ करून. तिचे काका, चुलतभाऊ सगळे खेळायचे. एखादा कमी पडला की हिला उभी करायचे. त्या जड चेंडूने तिचं मनगट असं तयार झालं होतं, की पहिल्यांदा पिसांचं फूल हातात आलं तेव्हा तिने ते थेट हॉलच्या पत्र्यावर भिरकावलं. मास्तर आमच्या शाळेत पी.टी. शिकवायचे. त्यांनी वर पत्र्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "उद्यापासून रोज यायचं."

हॉल सात रस्त्याजवळ होता. संध्याकाळी तिथे साहेब लोक आणि वकील-डॉक्टर खेळायचे, म्हणून आम्हा मुलींना दुपारची वेळ मिळाली होती. सोलापूरची दुपार, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. वाऱ्याने फूल हलतं म्हणून खिडक्या बंद. अर्ध्या तासात पंजाबी ड्रेस अंगाला चिकटायचा. कोरड्या हवेत पिसं तडकायची आणि चार फटक्यांत फुलाचा खराटा व्हायचा. त्यावर तिच्या आईने, अम्माने, उपाय काढला. भाताचं भगुलं चुलीवर असलं की फुलांचा डबा उघडून त्याची वाफ द्यायची. आमच्या फुलांना भाताचा वास यायचा. जिल्ह्याबाहेर खेळायला गेलो आणि दुसऱ्यांची फुलं हातात आली की ती उगीच नाकाशी न्यायची आणि तोंड वाकडं करायची.

आम्ही जिंकत गेलो. आधी जिल्ह्यात, मग विद्यापीठात, मग राज्यात. बक्षिसं मिळायची ती स्टीलची. डबे, पातेली, एकदा पाण्याची टाकी. अम्मा खूश असायची, कारण मुलीच्या लग्नाची भांडी परस्पर जमत होती. ती मात्र वैतागायची. "मुलं खेळली की त्यांना रेल्वे घेते, बँक घेते," ती म्हणायची. "आपल्याला काय? पातेलं! आणि एक दिवस त्याच पातेल्यात दुसऱ्याच्या घरी आमटी करायची." मला तिच्याइतका राग यायचा नाही, पण ती बोलायला लागली की तिचंच खरं वाटायचं.

बहात्तरचा दुष्काळ संपून एखाद-दुसरं वर्ष झालं असेल. पुण्याला एक स्पर्धा होती आणि ती आम्ही जिंकलो. बक्षीस समारंभ झाल्यावर एक जोडपं भेटायला आलं. दोघंही डॉक्टर, मूळचे पुण्याचे, पण पश्चिम जर्मनीत एका लहान गावात स्थायिक झालेले. तिथे त्यांच्या गावाचा बॅडमिंटन क्लब होता आणि बाई त्या क्लबच्या कारभारात होत्या. त्या सरळच बोलल्या. क्लबला बायकांची जोडी हवी आहे. दिवसा गावातल्या ब्रशच्या कारखान्यात काम मिळेल, संध्याकाळी लहान मुलांना शिकवायचं आणि शनिवारी क्लबकडून सामने खेळायचे. राहायला त्यांच्याच घराची वरची खोली.

"म्हणजे खेळण्याबद्दल पगार?" तिने विचारलं.

"खेळण्याबद्दल आणि शिकवण्याबद्दल," बाई म्हणाल्या. "पण नीट विचार करा. पैसे घेऊन शिकवायला लागलात की इथल्या स्पर्धांत तुम्हाला उभं करणार नाहीत. नियमच तसा आहे."

परतीच्या गाडीत मास्तर खिडकीबाहेर बघत बसले होते. कुर्डुवाडी गेल्यावर ते बोलले. "राज्याच्या संघात पुढच्या वर्षी तुम्ही नक्की येता. कदाचित देशाच्याही. ते सोडून जायचं?"

ती म्हणाली, "मास्तर, देशाच्या संघात गेलो तर लग्न थांबेल का?"

मोहोळ आलं तेव्हा मास्तरांनी आम्हाला भजी घेऊन दिली.

दोन्ही घरांत रामायण झालं. आमच्याकडे मोहोळहून माझे चुलते आले आणि ओसरीवर बसून त्यांनी आबांना फैलावर घेतलं. "पोरीला परमुलखात धाडायला तू काय खुळा हाईस व्हय?" आबा खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, "येकटी न्हाय जात. दोघी हाईत. येकीला येक हाय." तिच्याकडेही तेच. तिचे वडील मागावरून न उठता म्हणाले होते, "ती जाते तर ही जाईल." दोन्हीकडून होकार आला तो असा, एकमेकींच्या आधारावर. कागद झाले. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस चाळीत आला तेव्हा सगळी चाळ गोळा झाली आणि आईने त्याला चहाबरोबर शेंगाची चटणी-भाकरी वाढली. तो पोटभर जेवला, "पोरगी चांगली हाय" म्हणाला आणि गेला.

ते दिवस फार चांगले होते. आम्ही दुपारी हॉलवर खेळायचो आणि नंतर तिच्या घरी मागाच्या खोलीत बसून जर्मन शब्द पाठ करायचो. डॉक्टरबाईंनी एक पुस्तक दिलं होतं. माग एवढा खडखडायचा की शब्द ओरडूनच म्हणावे लागायचे. तिचे वडील मध्येच हात थांबवून विचारायचे, "मीठला काय म्हणतात? पाण्याला?" आम्ही सांगायचो आणि ते मान हलवून पुन्हा धोटा फेकायचे.

मग एका दुपारी तिने मधलं फूल सोडलं.

ती ओरडली होती, मी सरकले होते, आणि फूल आम्हा दोघींच्या मध्ये फरशीवर पडलं. ती तिथेच रॅकेट टेकवून उभी राहिली. "पाय उचलत नाहीत ग," म्हणाली. मी तिला खिडकीशी नेलं, खिडकी उघडली. उजेडात तिचे डोळे दिसले. हळद लावल्यासारखे.

कावीळ त्या वर्षी गावभर होती. पाणी वाईट होतं, टँकरचं, विहिरींचं, सगळीकडचं. लोक बरे होत होते. पथ्य करायचे, उसाचा रस प्यायचे आणि महिन्याभरात कामाला लागायचे. तीही होईल असं आम्ही धरून चाललो. पहिल्या आठवड्यात ती खाटेवर पडून मला जर्मन शब्द विचारत होती. नंतर ती शब्दांची गल्लत करायला लागली. तेलुगूत सुरू केलेलं वाक्य मराठीत जायचं आणि मध्येच थांबायचं. मग तिला सिव्हिल हॉस्पिटलात नेलं. तिथे ती मला ओळखत होती की नाही, मला सांगता येत नाही. माझ्या हाताकडे बघायची. एका सकाळी मी पेजेचा डबा घेऊन गेले तर वॉर्डाच्या पायरीवर तिचे वडील बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहून दोन्ही हात उलटे करून दाखवले, रिकामे. मी डबा हातात घेऊन तशीच उभी राहिले.

त्याबरोबर माझं जाणंही संपलं. "दोघी हाईत" या शब्दावर सगळं उभं होतं. आबांनी माझा पासपोर्ट ट्रंकेत तळाशी ठेवला.

महिन्याभराने मास्तर घरी आले आणि मला हॉलवर घेऊन गेले. त्यांनी कॉलेजातली एक मुलगी तयार ठेवली होती. चपळ, हसरी, उजव्या हाताची. माझ्या उजवीकडे ती उभी राहिली आणि आम्ही खेळायला लागलो. समोर मास्तर आणि त्यांचा एक मित्र. तिसऱ्या-चौथ्या फटक्याला मधून फूल आलं. माझ्या सोयीचं, अगदी हातात आल्यासारखं. आणि मी ऐकलं, "नादी!"

मी डावीकडे सरले. फूल पडलं.

"तुझं होतं ना?" ती मुलगी म्हणाली.

"तू ओरडलीस ना?"

"मी? नाही ग."

मास्तरांनी फूल उचलून दिलं. पुन्हा तसंच झालं. त्यानंतरही झालं. आवाज मोठा नसायचा, पण माझ्या उजव्या कानाच्या जरा मागून यायचा, नेहमी यायचा तिथूनच. मला भीती वाटली नाही. भीती वाटायला हवी असं नंतर लोकांनी सांगितलं, तेव्हा मी आठवून पाहिलं, पण नव्हती वाटली. फूल पडायचं आणि मला वाटायचं, आता चिडेल. तिला फूल पडलेलं खपायचं नाही.

ती कॉलेजची मुलगी आठवडाभर आली. मग तिने मास्तरांना सांगितलं, "त्यांच्याबरोबर मला नको. त्या माझ्याकडे बघतच नाहीत. माझ्या पलीकडे बघतात."

घरात आईच्या लक्षात वेगळं आलं. चाळीतली खोली ती केवढी, आणि मी पंगतीला बसताना उजवीकडे पाट घालण्याएवढी जागा सोडून बसायची. गल्लीतून चालताना उजव्या बाजूची माणसं मला धडकायची, कारण मी ती जागा भरलेली धरूनच चालायची. एकदा धाकट्या भावाने तिथे बैठक मारली तर मी त्याला "उठ" म्हणाले, आणि का म्हणाले ते मला सांगता येईना. आईने ताटली खाली ठेवली आणि तोंडाला पदर लावला.

अमावस्येला आई आणि मावशी मला जवळच्या कुंभारी गावाला घेऊन गेल्या. तिथे एक बाई अंगात आणायची. अंगणात पुष्कळ बायका बसल्या होत्या. दुपारचं ऊन, कडुलिंबाचा धूर, कोपऱ्यात बांधलेली शेळी. माझी पाळी आली. त्या बाईने माझ्या कपाळाला राख लावली, केस मुठीत धरले आणि चेहरा जवळ आणला.

"कोन हाईस तू? बोल. हितं का आलीस?"

तिने केस आणखी आवळले.

"जातीस का न्हाय? काय पायजे तुला? साडी पायजे? चोळी पायजे?"

तेव्हा मात्र मी घाबरले. या बाईला खरंच येत असेल तर? हिने ओढून काढलं आणि ती खरंच गेली तर? मी तिचा हात धरून केस सोडवले. "जाऊ नकोस म्हणून सांगा तिला," मी म्हणाले. "मला नाही घालवायची."

आजूबाजूच्या बायका कुजबुजायला लागल्या. त्या बाईने मात्र हात खाली घेतला आणि माझ्या आईकडे पाहून साध्या, थकलेल्या आवाजात म्हणाली, "हिला काय लागल्यालं न्हाय बाई. घरला न्ह्या." आई परत येताना बसमध्ये रडत होती. लागलेलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. लागलेलं काढता येतं.

त्यानंतर काही दिवसांनी अम्मा आमच्या घरी आली.

मुलगी गेल्यापासून ती कुणाकडे गेली नव्हती. दारात उभी राहून तिने आधी चपला काढल्या, मग पुन्हा घातल्या, मग काढल्या. आईने हाताला धरून आत आणलं. आबा नुकतेच पहिल्या पाळीहून आले होते. ते उठून उभे राहिले.

"बसा भाऊ," अम्मा म्हणाली. "मी एकच बोलायला आली. तुमचं पोरगी पाठवा."

आबा परत खाली बसले. "आता कसं धाडायचं ताई? दोघी व्हत्या म्हनून…"

"दोघीच आहे," अम्मा म्हणाली.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी कुंभारीचं अम्माला सांगितलं नव्हतं. कुणी सांगितलं होतं ते मला कधी कळलं नाही. कदाचित मास्तरांनी हॉलवरचं सांगितलं असेल.

"माझं पोरगी रोज बोलायची," अम्मा म्हणाली, "जायचंय, जायचंय. झोपेत पण बोलायची. आता ही इथं बसली तर ते पण इथंच बसणार. दोघी बसून राहणार. काय उपयोग?" ती माझ्याकडे वळली. "तू जा बिड्डा, पोरी. तिला घेऊन जा. तिकडं बघू दे तिला. तिकडं बघून झालं की मग बघू."

एवढं बोलून ती उठली. आईने कुंकू लावायला थांबवलं, ते लावून घेतलं आणि गेली. मग आबांनी ट्रंक पुढे ओढली.

डॉक्टरबाईंना कळवलं. त्यांनी लिहिलं, जोडी नसली तरी ये, शिकवायला माणूस हवंच आहे, जोडीला इथलं कुणी मिळेल. चुलत्यांनी आबांशी बोलणं टाकलं, ते पुढे कितीतरी वर्षं. निघाले त्या दिवशी स्टेशनवर मास्तर आले होते. ते म्हणाले, "तिथल्या हॉलचं छप्पर उंच असतं. घाबरू नकोस, मार उंच."

जर्मनीतलं ते गाव आमच्या कुंभारीएवढंच असेल, पण घरं सगळी दगडी आणि रस्त्यावर माणूस नाही. मी दिवसा कारखान्यात ब्रशचे केस सारखे कापणाऱ्या यंत्रावर बसायची आणि संध्याकाळी हॉलवर जायची. हॉल सुंदर होता. लाकडी जमीन, पांढरे दिवे, वारा नाही, धूळ नाही. माझ्या जोडीला एक शाळामास्तरीण दिली होती, माझ्याहून हातभर उंच. पहिल्याच संध्याकाळी मधून फूल आलं, आणि उजव्या कानामागून आवाज आला. इतका स्पष्ट, की मी हसले. आली म्हणजे. एवढ्या लांब, एवढ्या थंडीत.

शाळामास्तरणीला काहीच कळेना. चांगली बाई होती. तिला वाटलं, मी लाजते. ती माझ्या वाट्याची फुलंही धावत जाऊन घ्यायला लागली आणि त्यातून आम्ही काही सामने जिंकलो, बरेच हरलो. क्लबवाले कुरकुरले नाहीत, पण जोडीच्या सामन्यांतून मला हळूहळू काढून एकटीला खेळवायला लागले. एकेरीत मी बरी होते. एकेरीत मध्य कुणाचा हा प्रश्नच नसतो.

मुलांचा वर्ग मात्र मला आवडायचा. नऊ-दहा वर्षांची पोरं, गालांवर लाली, बोलायची ते मला निम्मं कळायचं. मी करून दाखवायची आणि ती करायची. माझं जर्मन एवढंच होतं. बघा, असं. हिवाळा सरत आला तेव्हा मी त्यांना जोड्यांनी उभं करून खेळायला लावलं आणि बाजूला बाकावर बसले. एका कोर्टवर मधून फूल गेलं. डावीकडचं पोर चटकन बाजूला झालं. फूल पडलं. दुसऱ्या कोर्टवर तेच. तिसऱ्यावर तेच. सगळ्या कोर्टांवर डावीकडची मुलं मधलं फूल आलं की अंग चोरून बाजूला होत होती, अदबीने, जणू कुणी मोठं माणूस तिथून जाणार आहे. आणि उजवीकडची मुलं गोंधळून उभी. ती पोरं माझीच पावलं उचलत होती. इतके महिने मी त्यांना तेच शिकवलं होतं.

माझ्याबरोबर आली होती ती माझी होती, माझ्यापुरती. या पोरांचा तिच्याशी काय संबंध? त्यांच्या उजव्या हाताला कोण होतं? त्यांच्या मधल्या जागेत कुणीच नव्हतं. नुसती जागा होती आणि ते तिला वाट देत होते. ती जागा मला पहिल्यांदा बाहेरून दिसली. मी घामाघूम झाले होते, आणि बाहेर बर्फ होतं.

मग मी उठले आणि एकेका पोराच्या मागे जाऊन उभी राहिले. त्याचा दंड धरून त्याला मध्यात ढकललं. "तुझं," मी म्हणायची, त्यांच्या भाषेत. "हे तुझं. घे." ती हसायची, पुन्हा बाजूला व्हायची. पुन्हा ढकलायचं. कितीतरी संध्याकाळी माझ्या त्यात गेल्या. मुलं सुधारली, मुलं लवकर सुधारतात. आणि त्यांना दाखवता दाखवता मधलं फूल मीही घ्यायला लागले. घेताना कानामागे आवाज यायचाच. मी सरायची नाही, मारायची. पहिल्यांदा मारलं तेव्हा जीभ चावली गेली, एवढी घाबरले होते. पण काही झालं नाही. फूल पलीकडे गेलं, एवढंच.

आवाज कधी थांबला ते मला ठाऊक नाही. एके दिवशी थांबला असं झालं नाही. क्वचित यायला लागला, मग आला की नाही याची खात्री वाटेनाशी झाली. मग मीच खेळता खेळता थांबून ऐकायला लागले, आणि सरावाला बरोबर असलेली शाळामास्तरीण विचारायची, "काय झालं?" भीती मला वाटली ती तेव्हा. कुंभारीच्या अंगणात वाटली होती तशी.

दोन हिवाळे काढून मी परत आले. क्लब आणखी ठेवून घ्यायला तयार होता, पण आईला गुडघ्यांनी धरलं होतं आणि आबांची गिरणी धड चालत नव्हती. इथल्या स्पर्धांचं दार मला बंदच झालेलं होतं. मास्तरांनी हॉलवर मुलींचा वर्ग काढायला लावला, तो मी काढला आणि त्यावरच पुढे माझं आयुष्य गेलं. पण ते नंतरचं. आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अम्माकडे गेले.

माग चालू होता. तिचे वडील मला बघून थांबले, हात जोडले आणि पुन्हा चालू झाले, जरा जास्तच जोरात. अम्मा अंगणात रंगवलेलं सूत वाळत घालत होती. तिचे हात कोपरापर्यंत लाल होते. तिने मला बसायला सांगितलं नाही, सुताची दुसरी बाजू धरायला दिली. आम्ही ते ताणून काठीवर घातलं.

"तिकडं लई थंडी?" तिने विचारलं.

"लई. हाताची बोटं वाकायची नाहीत सकाळी."

अम्माने एक गुंता सोडवला. मान वर न करता तिने विचारलं, "तिला सोसलं काय थंडी?"

मागाचा आवाज थांबला होता. मला ते जरा उशिराने कळलं. खोलीच्या दारात तिचे वडील येऊन उभे होते.

मी म्हणाले, "पहिले काही दिवस नाही सोसली. चिडचिड करायची. मग डॉक्टरबाईंनी लोकरीचे मोजे दिले."

"मग?"

"मग सवय झाली."

अम्माने मान हलवली. "थंडीचं तिला पहिल्यापासून त्रास," ती म्हणाली. "आणि खायला काय करायची तिकडं? भात मिळते काय?"

"मिळतो," मी म्हणाले. "पण जाड. चिकट होतो."

"पाणी जास्त घालत असणार," तिचे वडील दारातून म्हणाले. आणि मग ते दोघं माझ्याकडे बघत राहिले, आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून. आणि मी बसले, आणि सांगायला लागले.